एक ऑगस्ट: मध्यरात्र ते मध्यरात्र

छत्री घ्या. मुंबईचा ऑगस्ट आहे आणि पहिला मुक्काम तिथंच आहे. घड्याळ मात्र घरी ठेवा, त्याचा काही उपयोग होणार नाही. का, ते पोचल्यावर लगेच कळेल.

या प्रवासाला नियम एकच. साल बदलेल, देश बदलेल, तारीख बदलायची नाही. मध्यरात्री निघायचं आणि पुढच्या मध्यरात्री घरी यायचं. शाळेच्या व्हरांड्यातला तो फळा आठवत असेल. वर रंगीत खडूनं ‘दिनविशेष’, खाली ‘घटना’, ‘जन्म’, ‘मृत्यू’. ज्याचं अक्षर वळणदार त्याला ते काम मिळायचं. ओळी सगळ्या सारख्याच उंचीच्या. लोकमान्य टिळक गेले, एक ओळ. प्राणवायू सापडला, एक ओळ. जागा पुरली नाही तर शेवटची ओळ फळ्याच्या कडेला वाकडी व्हायची. आपण त्या ओळी वाचायचो, प्रार्थनेला उभे राहायचो आणि विसरायचो. आज त्यांच्या आत शिरायचं आहे.

रात्रीचे साडेबारा, मुंबई, १९२०

तुम्ही क्रॉफर्ड मार्केटजवळ उभे आहात. रविवार उजाडायचा आहे. पण तो सुरू झाला का, हे कुणाच्या घड्याळावरून ठरवायचं? रेल्वे आणि तारखातं भारतीय प्रमाणवेळेवर चालतात. मुंबईची पालिका हट्टानं ‘मुंबई टाइम’ पाळते, तो ३९ मिनिटं मागे. हा हट्ट १९५५ पर्यंत टिकणार आहे. म्हणजे स्टेशनात साडेबारा झाले तरी पालिकेच्या हिशेबी अजून शनिवारच सरायचा आहे. एकाच रस्त्यावर दोन तारखा. घड्याळ घरी ठेवा म्हटलं ते यासाठी.

समोर सरदारगृह. वर दिवे जळताहेत. टिळक जुलैमध्ये ताईमहाराज प्रकरणाच्या कोर्टकामासाठी मुंबईला आले आणि नेहमीप्रमाणे इथं उतरले. ते प्रकरण शतकाच्या सुरुवातीपासून त्यांच्या मागं लागलेलं. मंडालेच्या तुरुंगातली सहा वर्षं संपली, ‘गीतारहस्य’ लिहून छापून झालं, पण हा खटला काही सुटला नव्हता. मग तापानं धरलं. हिवताप म्हणेपर्यंत छाती भरली. २३ जुलैला त्यांना ६४ वर्षं पूर्ण झाली, ती याच मुक्कामी.

तुम्ही जिन्यापाशी थांबता. आत जाण्याचा तुमचा हक्क नाही, आणि बाहेर उभे असलेल्यांपैकी कुणाचाच नाही, तरी कुणी हलत नाही. एक वाजायच्या आत वरून बातमी खाली येते. आधी हुंदका ऐकू येतो, शब्द त्याच्या मागून. टिळक गेले. पालिकेच्या घड्याळात नुकतेच बारा वाजून गेलेत. दोन्ही घड्याळांचं प्रथमच एकमत होतं: तारीख १ ऑगस्ट.

योगायोग असा की हा दिवस आधीच ठरलेला होता. गांधींनी असहकाराची सुरुवात याच तारखेला जाहीर केली होती. हरताळ, उपवास आणि प्रार्थना असा कार्यक्रम होता. सरकारनं दिलेली पदकं परत करत असल्याचं व्हाइसरॉयना लिहिलेलं त्यांचं पत्रही याच तारखेचं. त्यात कैसर-ए-हिंदचं सोन्याचं पदक होतं, बोअर आणि झुलू युद्धातल्या सेवेची पदकं होती. सकाळी दुकानांच्या फळ्या लागलेल्या दिसतील तेव्हा त्या कशासाठी लागल्यात हे वेगळं करून सांगता येणार नाही. दुपारी इथं परत यायचंच आहे. आता निघा.

सकाळ, पोर्ट ऑफ स्पेन, १८३४

कॅरिबियन समुद्रातलं त्रिनिदाद बेट, शुक्रवार. फळ्यावरची ओळ अशी: ‘ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी संपुष्टात’. त्यामुळे तुम्ही ढोलताशांच्या तयारीनं आला असाल. पण गव्हर्नरच्या कचेरीसमोर जमलेली माणसं चिडलेली आहेत. त्यांत बायका, म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या. गव्हर्नर सर जॉर्ज हिल कायदा समजावून सांगू पाहतात, आणि जमाव बेटावरच्या फ्रेंच बोलीत एकच घोष लावतो: सहा वर्षं नाही.

कसली सहा वर्षं? कायद्यानं ‘गुलाम’ हा शब्द पुसला, पण सहा वर्षांहून मोठ्या प्रत्येकाला ‘उमेदवार’ करून जुन्याच मालकाकडे बांधून ठेवलं. शेतावरच्यांनी आणखी सहा वर्षं राबायचं, आठवड्यातला बराचसा वेळ फुकट. नुकसानभरपाई म्हणून पार्लमेंटनं दोन कोटी पौंड मंजूर केले, ते मालकांना. राबलेल्यांना छदाम नाही. दोरी सोडली आणि गाठ ठेवली, हे त्या बायकांना पहिल्याच सकाळी कळलं. फळा लिहिणाऱ्याला कळलं नाही.

गाठ सुटली ती चार वर्षांनी, १८३८ मध्ये. तारीख पुन्हा १ ऑगस्ट. फळ्यावरची ओळ खरी व्हायला चार वर्षं लागली. मग मळ्यांना नवे हात हवे झाले. ३० मे १८४५ ला ‘फातेल रझाक’ हे जहाज हिंदुस्थानातले सव्वादोनशे गिरमिटिये, म्हणजे करारानं बांधलेले मजूर, घेऊन याच बंदरात लागलं. त्यांची आणि मागून आलेल्यांची नातवंडं-पणतवंडं आज त्या देशाचा मोठा हिस्सा आहेत. आणि १९८५ पासून त्रिनिदाद-टोबॅगोत १ ऑगस्टला गुलामीमुक्तीची राष्ट्रीय सुट्टी असते.

भर दुपार, विल्टशायर, १७७४

इंग्लंडातला बोवुड हाउस हा लॉर्ड शेलबर्न यांचा वाडा. त्यांच्या ग्रंथालयाला लागून असलेल्या खोलीत जोसेफ प्रिस्टली ऊन यायची वाट पाहताहेत. धंद्यानं धर्मोपदेशक, या घरात ग्रंथपाल, नादानं रसायनी. हातात बारा इंच व्यासाचं बहिर्गोल भिंग आहे. इतकं मोठं भिंग मिळाल्यापासून दिसेल त्या पदार्थावर ऊन एकवटून त्यातून कुठली हवा निघते ते पाहायचा त्यांनी सपाटा लावलाय.

जवळ या, पण सावली पाडू नका. पाऱ्यानं भरलेलं काचेचं भांडं पाऱ्याच्याच परातीत उपडं ठेवलंय. आत वर तरंगतंय पाऱ्याचं तांबडं भस्म. भिंगातून उन्हाचा ठिपका त्यावर पडतो. काही क्षण काहीच होत नाही. मग भस्मातून हवा सुटू लागते आणि भांड्यातला पारा हळूहळू खाली सरकतो. ही हवा पाण्यात फारशी विरघळत नाही. प्रिस्टली तिच्यात पेटती मेणबत्ती धरतात. ज्योत भडकून तेजस्वी होते. मेणबत्ती विझायला हवी होती, निदान मंद तरी. प्रिस्टली चक्रावतात. दुसऱ्याच कामासाठी लावलेली मेणबत्ती समोर नसती तर हा प्रयोग आपण बहुधा केलाच नसता, असं त्यांनी पुढे प्रांजळपणे लिहून ठेवलं.

गंमत पुढेच आहे. जे सापडलं ते काय, हे सापडवणाऱ्याला कळलं नाही. जळणाऱ्या वस्तूतून ‘फ्लोजिस्टन’ नावाचं तत्त्व बाहेर पडतं, असा त्या काळचा समज होता; म्हणून प्रिस्टलींनी हिला ‘फ्लोजिस्टन काढून घेतलेली हवा’ म्हटलं आणि मरेपर्यंत तो समज सोडला नाही. स्वीडनच्या शील यांनी ही हवा त्यांच्याही आधी वेगळी केली होती, पण त्यांचं पुस्तक छापून यायला १७७७ उजाडलं. ‘ऑक्सिजन’ हे नाव लाव्हाझिएनं पॅरिसमध्ये ठेवलं. आपण मराठीत त्याला प्राणवायू केलं, आणि दवाखान्यातल्या सिलिंडरपुढं हात जोडायची वेळ आली तेव्हा त्या नावाचा अर्थ अंगावर आला. आत्ता, या खोलीत, तो नुसता एक बुडबुडा आहे. तुम्हाला नाव माहीत आहे. सांगू नका.

दुपारचा दीड, मुंबई, १९२०

आता छत्री उघडा. पाऊस धो धो कोसळतोय आणि क्रॉफर्ड मार्केटपासून जिकडे पाहाल तिकडे काळ्या छत्र्या. सकाळभर पार्थिव सरदारगृहाच्या गच्चीत पद्मासनात बसवलेलं होतं, खाली उभ्या माणसाला दिसावं म्हणून. पुण्याहून खास गाड्या भरून माणसं आली. आमचा माणूस आम्हाला न्यायचाय, असा त्यांचा आग्रह. मुंबईकर सोडायला तयार नाहीत. शेवटी मुंबईतच, असं ठरलं. पण नेहमीच्या स्मशानात ही गर्दी मावायची नाही. म्हणून चौपाटीच्या वाळूत दहनाची खास परवानगी काढली गेली, आणि ज्या सरकारनं या माणसाला सहा वर्षं मंडालेला कोंडलं त्याच सरकारच्या पोलिसांनी ती दिली.

तुम्ही गर्दीत ढकलले जाता. स्वतःच्या पायानं चालण्याची गरज उरत नाही. खांदा द्यायला गांधी आहेत, शौकत अली आहेत, सैफुद्दीन किचलू आहेत. मागे-पुढे दोन लाखांवर माणसं असावीत असा अंदाज सांगतात. साऱ्या मुंबईची वस्ती तेव्हा बारा लाखांच्या आतली. म्हणजे घरटी एक माणूस तरी रस्त्यावर आलं म्हणायचं. भिजलेल्या धोतरांचा, फुलांचा, गुलालाचा आणि चिखलाचा मिळून एक वास येतोय. कुणाची छत्री उलटी होते, कुणाची चप्पल चिखलात रुतते आणि तिथंच राहते.

तुमच्या शेजारून चाललेत ते गिरणगावचे कामगार. यांचं आणि टिळकांचं नातं जुनं. जुलै १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा याच लोकांनी सहा दिवस गिरण्या बंद पाडल्या होत्या, वर्षाला एक दिवस या हिशेबानं. गोळीबारही झेलला होता. त्यांच्यापैकी कित्येक सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडचे. गावी मनीऑर्डर धाडणारे, चाळीच्या एका खोलीत आळीपाळीनं झोपणारे. हे चेहरे लक्षात ठेवा. आपल्याला ते पुन्हा लागणार आहेत.

चौपाटीला पोचेस्तोवर संध्याकाळ झालेली असते. चंदनाची चिता, ओली वाळू, भरतीचा आवाज. पावसातही ज्वाळा धरते. आज त्या जागी टिळकांचा पुतळा आहे आणि जागेला स्वराज्यभूमी म्हणतात. गणपती बुडवायला तुम्ही दर वर्षी त्याच्या शेजारून जाता. आत्ता मात्र तिथं वाळू आणि राख एवढंच आहे.

याच रविवारी पूर्वेला कलकत्त्यात काही माणसं वेगळ्याच दुःखात आहेत. चार दिवसांपूर्वी मोहन बागानविरुद्धच्या फुटबॉल सामन्यात जोडाबागान क्लबानं शैलेश बोस या खेळाडूला संघाबाहेर बसवलं. क्लबाचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी त्याच्या बाजूनं भांडले, कुणी ऐकलं नाही, तेव्हा क्लब सोडून बाहेर पडले. १ ऑगस्ट १९२० ला त्यांनी सोबत्यांना घेऊन नवा क्लब काढला आणि त्याचं नाव ठेवलं ईस्ट बंगाल. पुढे फाळणीनंतर पूर्व बंगालमधून उखडून आलेल्या लाखो लोकांना आपलं म्हणायला गाव उरलं नाही, तेव्हा हा फुटबॉल क्लब होता. बाहेर बसवलेल्या एका खेळाडूवरून निघालेली गोष्ट इतक्या लांब गेली.

दुपारचे चार, बर्लिन, १९३६

ऑलिम्पिकचं उद्घाटन. वर हिंडेनबुर्ग हे अजस्र हवाई जहाज तरंगतंय, खाली लाख माणसांचं स्टेडियम, मध्ये हिटलर. ग्रीसमधल्या ऑलिंपियाहून धावत आणलेली ज्योत या वेळी प्रथमच आली आहे. भारताचं पथक फेटे बांधून चालतंय, ध्वज ध्यानचंद यांच्या हाती. कित्येक देशांचे खेळाडू मंचासमोर हात उंचावतात. भारताचे उंचावत नाहीत. पुढे १५ ऑगस्टला हा संघ हॉकीच्या अंतिम सामन्यात जर्मनीला ८–१ नं हरवेल. १५ ऑगस्ट ही तेव्हा एक साधी तारीख आहे, तिच्या डोक्यावर अजून काही लिहिलेलं नाही.

या ऑलिम्पिकच्या निमित्तानं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथकही बर्लिनला आलंय. वऱ्हाडातल्या मातीत घुमलेला कबड्डीचा दम जर्मन प्रेक्षकांनी प्रथम ऐकला तो त्यांच्याकडून.

संध्याकाळचे पाच, वॉर्सा, १९४४

मंगळवार. ट्राममध्ये दाटी आहे. तुमच्या समोरच्या पोरीच्या पिशवीत भाजीखाली काय आहे ते विचारू नका. पोलंडची भूमिगत सेना, ‘आर्मिया क्रायोवा’, पाचच्या ठोक्याला शहरभर एकाच वेळी उठणार आहे. हत्यारं प्रत्येकाला पुरत नाहीत; काहींच्या वाट्याला नुसत्या पेट्रोलच्या बाटल्या. नदीपलीकडून सोव्हिएत फौजा येताहेत, चार-आठ दिवस तग धरला की झालं, असा हिशेब आहे. तो चुकणार आहे. उठाव ६३ दिवस चालेल, दीड लाखावर नागरिक मरतील, आणि उरलेलं शहर जर्मन सैन्य घरामागून घर ठरवून पाडील. आजही दर १ ऑगस्टला संध्याकाळी पाच वाजता वॉर्सात भोंगे वाजतात आणि रस्त्यातली माणसं, बस, मोटारी आहे तिथं थबकतात.

तुम्ही कोल्हापूरचे असाल तर हे तितकं लांबचं नाही. त्याच वेळी कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत पोलंडची सुमारे पाच हजार माणसं राहत होती, बहुतेक बायका आणि मुलं. स्टालिननं सैबेरियाकडे हाकललेली, तिथून सुटून इराणमार्गे इथं पोचलेली. १९४३ पासून १९४८ पर्यंत पंचगंगेच्या त्या परिसरात पोलिश शाळा चालली, चर्चची घंटा वाजली. युद्ध संपल्यावरही यातल्या बहुतेकांना परतायला आपलं गाव राहिलं नाही. सरहद्दच सरकली होती.

संध्याकाळचे सात, सेंट पीटर्सबर्ग, १९१४

शनिवार. जर्मनीचे राजदूत पूर्तालेस रशियाचे परराष्ट्रमंत्री साझोनोव्ह यांच्यासमोर उभे आहेत. तुम्ही सैन्याची जमवाजमव थांबवणार का? एकदा विचारतात, दोनदा विचारतात, तिसऱ्यांदा विचारतात. उत्तर नकाराचंच. मग थरथरत्या हातानं राजदूत कागद पुढे करतात: युद्धाची घोषणा. खिडकीशी जाऊन ते रडू लागतात. ते गेल्यावर साझोनोव्ह कागद नीट पाहतात. रशियाचं उत्तर कसं येईल ते माहीत नसल्यानं बर्लिनहून दोन मसुदे आले होते, आणि गडबडीत दोन्ही एकाच कागदावर तसेच राहून गेलेत.

आता मंत्रालयातल्या दिनदर्शिकेकडे पाहा. तिच्यावर १९ जुलै आहे. रशियात अजून जुनं ज्युलियन पंचांग चालतं, पश्चिम युरोपच्या १३ दिवस मागे. ज्या दिवसाला सारं जग १ ऑगस्ट म्हणतं तो इथं १ ऑगस्ट नाहीच. मुंबईत ३९ मिनिटांचं अंतर होतं, इथं तेरा दिवसांचं. मरणारे मात्र एकाच दिवशी मरायला लागतील. हिंदुस्थानातून दहा लाखांवर माणसं समुद्रापार धाडली जातील. मराठा पलटणीचे शिपाई मेसोपोटेमियात कुत-अल-अमाराच्या वेढ्यात उपासमारीनं गांजतील. या कागदाची नक्कल त्यांच्यापर्यंत कधी पोचणार नाही.

वेळ नोंदलेली नाही, ॲमस्टरडॅम, १९४४

वॉर्सात गोळीबार चालू आहे तो हाच मंगळवार. प्रिन्सेनग्राख्त २६३, मागच्या घरात, पुस्तकांच्या कपाटाआड दडलेल्या खोल्या. पंधरा वर्षांची ॲन फ्रँक लिहीत बसली आहे. तिनं वर तारीख घातली, तास घातला नाही. आपल्यात दोन मुली आहेत, एक सगळ्यांना दिसणारी खट्याळ आणि एक कुणाला न दिसणारी, असं काहीसं ती लिहिते. मग मिटून ठेवते. उद्या पुढं लिहायचं असतं तेव्हा माणूस वही जशी मिटतं तशी. तीन दिवसांनी, ४ ऑगस्टला, पोलीस येतील. कागद जमिनीवर विखुरतील आणि ऑफिसातल्या मीप खीस आणि बेप फॉस्काउल ते गोळा करून ठेवतील. ही शेवटची नोंद ठरली, हे तारखेला कुठून कळणार?

वेळ नोंदलेली नाही, वाटेगाव, १९२०

शेवटचा मुक्काम. पुन्हा तोच रविवार. चौपाटीवर चिता पेटली तो की त्या आधीची रात्र, की मधली कुठली घटका, हे दिनविशेषात नसतं. म्हणून या मुक्कामाला तास नाही. जिल्हा त्या वेळचा सातारा, आताचा सांगली, तालुका वाळवा. वारणेच्या खोऱ्यातला पाऊस. गावाच्या बाहेर मातंग वस्ती. झोपडीत बाई बाळंत होते आहे, तिचं नाव वालुबाई. पुरुष माणसाला आत मज्जाव, तुम्हालाही. अंगणात चिखलात उभे राहा.

उभ्या उभ्या एक गोष्ट ध्यानात घ्या. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली सरकारनं माणसांचे गटच्या गट जन्मापासून गुन्हेगार ठरवले. अशा जमातींतल्या बाप्यांना ठरल्या वेळी हजेरी लावावी लागे. माणूस रात्री कुठं होता याची नोंद सरकारला हवी होती. जन्माच्या घटकेची कुणाला पडली नव्हती. आणि महाराष्ट्रात हीच तारीख महसूल दिनाची: महसुली वर्ष १ ऑगस्टला उघडतं, जमिनीच्या गुंठ्यागुंठ्याचा हिशेब नव्या पानावर जातो. ज्याच्या नावावर गुंठाही नाही त्याचा हिशेब कुठल्या पानावर?

आतून रडणं ऐकू येतं. पोराचं नाव तुकाराम ठेवतील. तुकाराम भाऊराव साठे.

तुम्ही निघण्याआधी पुढचं झरझर पाहून घ्या. हे पोर शाळेत दीड दिवस टिकेल, आणि ‘दीड दिवसाची शाळा’ हा पुढे त्याच्या चरित्राचा वाक्प्रचार होऊन बसेल. कोवळ्या वयात बापाबरोबर पायी मुंबई गाठेल. हमाली करेल, गिरणीत राबेल, माटुंग्याच्या लेबर कँपात राहील, पाट्या वाचत वाचत अक्षरं जुळवेल. १९४३ मध्ये स्टालिनग्राडचा पोवाडा लिहील, बर्लिनचाही लिहील. म्हणजे संध्याकाळी तुम्ही ज्या युद्धातून फिरून आलात ते त्याच्या डफावर येईल. वॉर्सा उठली त्याच १९४४ साली शाहीर अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक उभं करेल. आणि त्याच्यासमोर कोण बसेल? भिजत चौपाटीला गेलेले, तुम्ही चेहरे लक्षात ठेवलेत ते गिरणी कामगार, नाहीतर त्यांची पोरं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्याची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड गिरणगावच्या चाळीचाळीतून घुमेल. १९५९ मध्ये ‘फकिरा’ ही कादंबरी येईल, डॉ. आंबेडकरांना अर्पण केलेली, आणि हजेरीच्या त्या जाचाला तिच्यात कागदावर जागा मिळेल. तीसपेक्षा जास्त कादंबऱ्या होतील, १९६१ मध्ये रशियाचा प्रवास होईल, आणि १८ जुलै १९६९ ला अण्णा भाऊ साठे जातील. २०२२ मध्ये मॉस्कोच्या परदेशी साहित्याच्या सरकारी ग्रंथालयात त्यांचा पुतळा उभा राहील.

पण हे सगळं नंतर. आत्ता झोपडीत फक्त एक तान्हं आहे आणि त्याला भूक लागली आहे.

मध्यरात्र, तुमचं घर

छत्री निथळत ठेवा. दिवसभरात एक गोष्ट पदरात पडली असेल: त्या त्या दिवशी उभं राहून पाहिलं तर फळ्यावरची एकही ओळ धड लागत नाही. त्रिनिदादच्या बायकांना स्वातंत्र्य मिळालेलं नव्हतं. प्रिस्टलींना प्राणवायू सापडलेला नव्हता. पीटर्सबर्गात १ ऑगस्टच नव्हता. ॲनला शेवटची नोंद लिहायची नव्हती. दिवस आपल्या जागी आंधळाच असतो, त्याला डोळे आपण मागाहून लावतो. मृत्यूची वेळ मिनिटासकट लिहिली जाते, कारण तोवर माणूस कोण होतं ते सगळ्यांना कळलेलं असतं. जन्माची ओळ मात्र कित्येक वर्षांनी, मागे जाऊन लिहावी लागते.

त्या रविवारी एका ओळीमागे दोन लाख लोक पावसात चालत होते. दुसऱ्या ओळीपाशी एक आई होती, आणि असलीच तर एखादी सुईण. आज दोन्ही ओळी फळ्यावर सारख्याच उंचीच्या लिहिल्या जातात. वळणदार अक्षराच्या त्या पोराचं एवढं मात्र बरोबर होतं.